फाटकाचा दिवा आणि निंबाची सावली

शेताच्या फाटकावर दिवा पाहिजे, हे आमच्या घरात दहा वर्षं सगळ्यांना मान्य होतं आणि दहा वर्षं तो कुणीच लावला नव्हता. शेवटी तो लावला केळीच्या एका ट्रकामुळे.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. मी नोकरीसाठी चोपड्यात राहतो, आई आणि आप्पा शेतातल्या घरात. कांदेबागेची, म्हणजे केळीच्या एका हंगामाची, कापणी चालू होती, माल भरून ट्रक निघायला रात्रीचे साडेनऊ झाले. ड्रायव्हर दिल्लीकडचा, शेतात पहिल्यांदाच आलेला. फाटकातून बाहेर पडताना वळण अंदाजाने घेतलं आणि मागचं चाक सरळ चारीत, म्हणजे कडेच्या पाण्याच्या चरात. दोन ट्रॅक्टर लावून ट्रक काढायला दीड तास गेला. वरच्या थरातले घड घासले, त्याचा हिशेब व्यापाऱ्याने पट्टीत बरोबर लावला. रात्री बाराला आप्पा एवढंच म्हणाले, “आता तरी बघ काहीतरी.”

बघायला लागलो तेव्हा पहिला विचार वायरचा. घरापासून फाटक 190 मीटर. पण घराला वीज येते ती शेतीच्याच लाईनवरून, आणि ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाच्या पाळीत रात्री अंधारच. शिवाय विहिरीवरची मोटारीची केबल आमची दोनदा चोरीला गेली आहे. तांब्यासाठी माणसं रात्री विहिरीत उतरतात, तिथे 190 मीटर केबल जमिनीत पुरून ठेवणं म्हणजे त्यांची सोय करून ठेवणं.

मग सोलर. इथे आप्पांनी सोपा उपाय सांगितला. आमच्या विहिरीवर ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतला पाच एचपीचा पंप आहे, दहा टक्के रक्कम भरून घेतलेला. “एवढ्या प्लेटा पडल्या आहेत, त्यातूनच एक वायर घे की.” हा प्रश्न मला नंतर गावातल्या निदान चार जणांनी विचारला, म्हणून सांगतो. पंपाच्या संचाला बॅटरी नसते. ऊन असेल तोवर प्लेटा वीज करतात आणि पंप ती लगेच पिऊन टाकतो. दिवस मावळला की त्या प्लेटा म्हणजे नुसत्या काचा. आणि त्याच्या जोडणीत हात घातला तर पाच वर्षांच्या हमीचं काय होईल ते वेगळंच.

दिवाळीत मोबाईलवर शोधून मी पहिला दिवा मागवला. प्लेट, बॅटरी, दिवा सगळं एकाच डब्यात, खोक्यावर ‘200 वॉट’ असं ठळक छापलेलं, किंमत 1,899 रुपये. संध्याकाळी लावला तेव्हा खरंच लख्ख पडला. नऊ वाजेपर्यंत मंद झाला, अकराला नुसते ठिपके. आमचे सालदार भाऊ खाटेवरून म्हणाले, “भाऊ, हाऊ दिवा शे का काजवा?” मार्चपर्यंत त्याने कसेबसे दिवस काढले, एप्रिलात तेवढंही बंद.

मी तो खाली काढला आणि ओट्यावर बसून पेचकस लावला. हा भाग सावकाश सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्या अर्ध्या तासातून निघाली. झाकण उघडलं तर एवढ्या मोठ्या डब्यात दोनच सेल, बाकी जागा रिकामी. प्रत्येक सेलवर 3.2 व्होल्ट आणि 6 अँपिअर-तास असं छापलेलं. दोघांचा गुणाकार करून बेरीज केली तर सुमारे 38 वॉट-तास. म्हणजे तो दिवा खरोखर 200 वॉटचा असता, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साडेअकरा मिनिटं चालला असता. मग वरची प्लेट मोजली. एक फूट बाय नऊ इंच. चांगली प्लेट भर उन्हात चौरस फुटाला सोळा ते अठरा वॉट देते, म्हणजे ही बारा-तेरा वॉटची. खोक्यावरचा 200 चा आकडा कुठून आला, हे कळायला उघडलेल्या डब्यात काहीच नव्हतं.

तेव्हापासून दुकानात गेलं की मी दिव्याच्या वॉटचं ऐकून घेतो आणि वित टाकून प्लेट मोजतो. दुकानदाराला ते आवडत नाही.

दुसरी गोष्ट त्या डब्यातच कळली. दोन्ही सेल प्लेटच्या अगदी खाली, मध्ये फक्त पत्र्याची पट्टी. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 44-45 अंशांवर जाते, उन्हातली काळी प्लेट तर हात ठेववत नाही एवढी तापते. लिथियमची बॅटरी अशा तव्यावर ठेवून रोज दुपारी भरत राहिलं तर ती किती टिकणार? प्लेटही तापली की कमी वीज देते, 25 अंशांच्या वर दर अंशामागे साधारण 0.4 टक्के घट. 65 अंशांना ते 16 टक्के झालं. ‘खान्देशात काय, उनच उन, सोलरला मरण नाही,’ असं मला ज्याने त्याने सांगितलं होतं. ऊन आहेच. पण प्लेटला हवा असतो उजेड, आणि उजेडाबरोबर येणारी धग तिला आणि बॅटरीला दोघींनाही नको असते.

म्हणून दुसऱ्या वेळी ठरवलं, प्लेट वेगळी, दिवा वेगळा, बॅटरी वेगळी. यासाठी जळगावला दोन खेपा मारल्या. पहिल्या खेपेला नुसतं विचारत फिरलो आणि भरीत-पुरी खाऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला वहीत हिशेब लिहून नेला. डिसेंबरची रात्र आपल्याकडे तेरा तासांची. संध्याकाळचे चार तास पूर्ण 12 वॉटचे धरले, कारण तेव्हा माणसांची, दुधाची, ट्रॅक्टरची ये-जा असते. त्यानंतर नऊ तास मंद, चार वॉट. बेरीज 84 वॉट-तास. पावसाळ्यात झड लागली तर निदान दोन रात्री निघाव्यात, म्हणून 12.8 व्होल्टची 18 अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी. ती होते 230 वॉट-तास, त्यातले एक पंचमांश न वापरता सोडले तरी 184 उरतात. प्लेट 50 वॉटची. दुकानदाराने वही हातात घेतली, वाचली आणि विचारलं, “सर, शाळेत शिकवता का?” मी नाही म्हटलं. लेड-अॅसिडची बॅटरी स्वस्त पडत होती, पण तिला डिस्टिल्ड वॉटर कोण पाजणार? घरातल्या इन्व्हर्टरला पाजायचं आमच्या लक्षात राहत नाही.

प्लेट, बॅटरी, बॅटरीचं भरणं सांभाळणारा कंट्रोलर आणि दिवा मिळून साडेनऊ हजार झाले. खांब, काँक्रीट आणि मजुरीचे पाच हजार वेगळे.

उजेडाचा रंग कोणता घ्यायचा यावर दुकानात थोडी हुज्जत झाली. दुकानदार पांढराशुभ्र 6500 केल्विन गळ्यात मारत होता, ‘जास्त प्रकाश वाटतो’ म्हणून. वाटतो खरा. पण माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या मळ्यातला पांढरा दिवा होता. मागच्या वर्षी पहिला पाऊस पडल्यावर त्याच्याखाली वाळवीच्या पंखांचा सडा पडला होता. किड्यांमागे बेडूक आले, आणि बेडकांमागे जे यायचं तेही आलं. फाटकाचं कुलूप काढायला माणूस जिथे उभा राहतो, नेमकं तिथे आपण जनावरांचं जेवणाचं ताट मांडून ठेवायचं का? पिवळसर उजेडावर किडे येतात, पण कमी. म्हणून मी 3000 केल्विनचा घेतला. मे महिन्यात बसवला आणि जूनमध्ये खात्री झाली. किडे आले, पण सडा पडला नाही.

आता बसवण्याचं. आमचं फाटक पश्चिमेला उघडतं, रस्ता समोर. दोन खांबांत सोळा फूट अंतर, मोठी गाडी आत येते म्हणून. दक्षिणेकडच्या खांबापासून बारा फुटांवर आजोबांनी लावलेला निंब आहे, तीस फूट तरी उंच असेल. दिव्याचा पाईप दक्षिणेच्या खांबालगत आतल्या बाजूला उभा करायचा ठरला, कारण चारी त्याच बाजूला. जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगते. वरवर रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत दारू प्यायल्यासारखा कलतो. साडेतीन फुटांवर मुरूम लागला, तिथवर खणून काँक्रीट भरलं. प्लेटच्या नटांवर वेल्डिंगचे ठिपके मारून घेतले. का, ते वर केबलच्या गोष्टीत आलंच आहे.

बसवायला आलेल्या पोराने प्लेट रस्त्याकडे तोंड करून लावायला घेतली. “दिसायला चांगली दिसते.” मी म्हटलं, दक्षिणेला कर, वीस-एकवीस अंश तिरकी. आपण साधारण 21 अक्षांशावर, वर्षभर सूर्य बहुतेक दक्षिणेकडूनच जातो. हे बोलणं आईने ऐकलं आणि ती ओट्यावरून उठून आली. “दक्षिणेला तोंड करून दिवा लावतात का कुठे?” तिचं खरं होतं. दक्षिणेला तोंड करून दिवा लावायचा तो वर्षातून एकदा, धनत्रयोदशीला, यमासाठी. एरवी तसा दिवा कुणी लावत नाही. तिथे वेगळ्या संचाचा एक फायदा निघाला, जो दुकानात कुणी सांगितला नव्हता. एकाच डब्यातल्या दिव्यात दिवा वळवला की प्लेटही वळते, दोघांपैकी एकाचं तोंड नेहमी चुकतं. आमची प्लेट दक्षिणेला, दिवा उत्तरेला, फाटकाच्या दारांवर आणि जमिनीवर. आई समाधानाने परत गेली. बॅटरीची पेटी प्लेटच्या बरोबर खाली, उत्तर बाजूला लावली, म्हणजे दुपारी प्लेटचीच सावली तिच्यावर.

दिव्याचं तोंड रस्त्याकडे करू नका, हेही जाता जाता सांगतो. रस्त्याकडे वळवला की येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात आणि चारी आणखीच काळी दिसते. आणि कबूल करायला हवं, ट्रकवाल्याला फाटक सापडण्यासाठी निम्मं काम केलं ते शंभर रुपयांच्या रेडियमच्या पट्टीने. दोन्ही खांबांवर आणि चारीच्या कडेला रोवलेल्या तीन दगडांवर चिकटवली. हेडलाईट पडला की लांबून चमकते. दिवा हवा तो पायी येणाऱ्याला, कुलूप शोधणाऱ्याला, पायाखाली काय आहे ते बघणाऱ्याला. तुमच्याकडे रात्री फक्त गाड्याच येत असतील, तर आधी रेडियम लावा आणि महिनाभर थांबा.

मंद दिवा माणूस आला की पूर्ण पेटावा, म्हणून सेन्सर असतो. दोन प्रकार दुकानात होते. एक रडारसारखा, हलणारं काहीही टिपतो. केळीच्या बागेशेजारी तो लावणं म्हणजे रात्रभर दिवा नाचवणं, वारा सुटला की पानं हलतातच. दुसरा अंगाची उष्णता टिपणारा, तो मी घेतला. त्याचीही खान्देशात एक गंमत आहे. मे महिन्यात संध्याकाळी हवाच अंगाएवढी गरम असते, त्यामुळे त्याला माणूस आणि हवा यातला फरक नीट कळत नाही. आप्पा फाटकापाशी उभे राहून उपरणं हलवायचे, तरी दिवा ढिम्म. मध्यरात्रीनंतर हवा निवली की तोच सेन्सर कुत्र्यालासुद्धा ओळखायचा.

जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दिवा उत्तम चालला. श्रावणात सलग तीन दिवस झड होती, तिसऱ्या रात्री दोनला विझला, ते हिशेबात धरलेलं होतं. कानबाईच्या सणाला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केलं. मी ते सगळं स्वतःकडे घेतलं.

डिसेंबरात दिवा रात्री दहालाच विझायला लागला. आधी वाटलं बॅटरी गेली. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला प्लेट पुसा. पुसली. दहा दिवसांची रस्त्याची धूळ आणि साळुंक्यांची कृपा निघाली, फरक मात्र अर्ध्या तासाचा पडला. मग कंट्रोलरवर संशय घेतला, मग वायरच्या जोडावर. रविवारी मीटर घेऊन शिडीवर चढलो, दुपारचे बारा वाजले होते, प्लेटमधून जेमतेम अर्धा अँपिअर येत होता. भर उन्हात. खाली सालदार भाऊ शिडी धरून उभे होते. ते वर बघत म्हणाले, “भाऊ, दिवाले काहीच जायेल नई. निंबनी सावली पडी राह्यनी.”

मी शिडीवरच होतो. मागे वळून पाहिलं तर निंबाची एक फांदी सूर्याच्या आणि माझ्या मध्ये, आणि तिची जाळीदार सावली प्लेटवर आणि माझ्या हातावर हलत होती.

मे महिन्यात प्लेट लावली तेव्हा दुपारी सूर्य डोक्यावर होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर आपल्याकडे सावली पायाखालीच सापडते. निंबाची सावली तेव्हा निंबाच्याच बुंध्याशी. डिसेंबरच्या 22 तारखेच्या आसपास मात्र भर दुपारीही सूर्य साधारण 45 अंशांवरच असतो, म्हणजे झाड जेवढं उंच तेवढीच लांब सावली, उत्तरेकडे. तीस फुटांच्या निंबाची तीस फूट. प्लेट बारा फूट उंचीवर आहे हे धरलं तरी सावली त्या उंचीला अठरा फूट येते, आणि प्लेट होती बारा फुटांवर. हा हिशेब मी वॉट-तासांच्या हिशेबाशेजारीच वहीत करू शकलो असतो. तो सुचला नाही, कारण दिवा घ्यायला गेलेला माणूस सावली मोजत नाही. आणि सगळ्या प्लेटवर सावली पडायलाच हवी असंही नाही. आतले चौकोन एकामागे एक जोडलेले असतात, एका ओळीवर फांदी आली तरी बाकीच्यांचंही अडतं. पाण्याच्या पाईपवर एका जागी पाय पडला तर पुढे धार बारीक होते, तसंच.

सालदार भाऊंचा उपाय सोपा होता, फांदी तोडा. पण ती एक फांदी नव्हती, निम्मा निंबच मध्ये येत होता. आईने विषयच संपवला. आजोबांचं झाड, त्याच्याखाली उन्हाळ्यात सगळे मजूर जेवायला बसतात, आणि तुम्ही दिव्यासाठी ते कापणार?

प्लेट हलवली. दिवा आणि बॅटरी जागेवर, प्लेट उत्तरेच्या खांबापलीकडे पंधरा फुटांवर, वेगळ्या पाईपवर. निंबापासून आता 43 फूट. बारा व्होल्टच्या कामात वायर लांब झाली की वीज वाटेतच गळते, म्हणून बारीक वायर न वापरता अडीच स्क्वेअर एमएमची घेतली. ठिबकच्या मेन लाईनचा उरलेला पीव्हीसी पाईप होता, त्यातून ती फाटकाखालून नेली, दीड फूट खोल, वरून भरलेला ट्रक जातो म्हणून. वेल्डिंगचे ठिपके फोडताना चोरासाठी केलेली मेहनत माझ्याच नशिबी आली. दोन रविवार आणि दोन हजार रुपये गेले. पहिल्याच दुपारी मीटरवर अडीच अँपिअर दिसला.

यंदा धनत्रयोदशीला मी शेतातच होतो. अंधार पडल्यावर आई कणकेचा दिवा घेऊन फाटकापाशी आली आणि दक्षिणेच्या खांबाशी वात दक्षिणेला करून ठेवला. आम्ही जवळ गेलो तसा वरचा दिवा सेन्सरने पूर्ण पेटला. त्या उजेडात कणकेच्या दिव्याची ज्योत दिसेनाच. “हा बंद कर जरा,” आई म्हणाली. रिमोट घरात कुठे ठेवलाय हे कुणालाच आठवेना. आप्पा म्हणाले, हलू नका, तो आपोआप मंद होईल. मग आम्ही तिघं निंबाखाली न हलता उभे राहिलो.